भाऊबीजेची अर्धी नळी

ताई,

आज सकाळी तुझ्या घराचा जिना चढताना माशीमा, तुझ्या बंगाली मावशी, दिसल्या. तुळशीला पाणी घालून परत येत होत्या, हातात रिकामा तांब्या होता. मला पाहून थबकल्या आणि आत जाऊन त्यांनी दार लावून घेतलं. खालच्या मजल्यावरून दिवसातून चार वेळा "कुशुम, ओ कुशुम" अशी तुला हाक मारत वर येणाऱ्या माशीमा, तुला जाऊन अकरा दिवस झाले तरी एकदाही वर आलेल्या नाहीत. त्यांना वाटतं, त्यांच्या हातची भाजी खाऊन तू गेलीस. भाऊजींनाही तसंच वाटतं, आणि ते त्यांनी माशीमांना तोंडावर सांगितलं. तसं नाही हे एकट्या मला माहीत आहे, आणि मी मूग गिळून गप्प बसलो आहे.

परवा तुझा तेरावा. त्याच्या आत मला बोलायला हवं. पण तोंड उघडत नाही, म्हणून आधी तुला सांगतो. लहानपणापासून माझी हीच रीत. दुसऱ्याची पाटी फोडली तेव्हाही आधी तुलाच सांगितलं होतं, आणि तू माझा कान धरून मला त्याच्या घरी घेऊन गेली होतीस. आता कान धरायला तू नाहीस. मी नुसताच बाल्कनीतल्या तुझ्या खुर्चीसमोर वही घेऊन बसलोय. भाऊजी आत पडून आहेत. जेवलेत की नाही ते विचारायचीही मला हिंमत होत नाही.

आई गेली तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो आणि तू एकोणीस. तुझं लग्न होऊन सहा महिने झाले होते, आणि भाऊजींची कलकत्त्याला बदली झाली होती. "विनू येणार नसेल तर मीही येणार नाही," असं तू नवऱ्याला सांगितलंस, नवी नवरी असून. भाऊजी नंतर हसून सांगायचे, की बायकोबरोबर एक मेहुणा फुकट मिळाला. लहानपणच्या सांध्यांच्या तापाने तुझ्या हृदयाची झडप आवळली होती, डॉक्टरांनी मूल होऊ देऊ नका म्हणून बजावलं होतं, आणि तू ते इतक्या सहज सोडून दिलंस की मला कित्येक वर्षं त्यातलं काही कळलंच नाही. माझे कपडे, माझा अभ्यास, माझं दूध. मला तू वाढवलंस. परीक्षेच्या दिवसांत वीज गेली की एका हाताने मला वारा घालायचीस आणि दुसऱ्या हातात रसायनशास्त्राचं पुस्तक धरून प्रश्न विचारायचीस. उत्तर बरोबर की चूक हे तुला कळत नसे, पण मी अडखळलो की लगेच कळत असे.

नोकरी लागल्यावर मी बागबाजारातल्या मेसमध्ये राहायला गेलो, तेव्हा तू तोंड फुगवलं होतंस. मग तुझं तूच हसलीस. "मराठे आत येऊ नयेत म्हणून या लोकांनी तिथूनच खंदक खणायला घेतला होता, आणि आमचे सरदार नेमके तिथेच जाऊन बिऱ्हाड करतायत!" माशीमांना तू हे बंगालीत सांगितलंस, तेव्हा त्या तुला कितीतरी दिवस 'बोर्गीर मेये' म्हणत होत्या. बर्ग्याची, म्हणजे लुटायला आलेल्या मराठा बारगिराची पोर. त्या हाकेत किती माया होती, ते तुलाही ठाऊक होतं.

एस्प्लनेडजवळच्या आमच्या प्रयोगशाळेत मी दिवसभर लोकांचं रक्त गोठवतो. माझा धंदा काय, असं शेजारच्या कुणी विचारलं की तू असंच सांगायचीस. चार वर्षांपूर्वी तुझ्या हृदयातून एक बारीकशी गुठळी सुटून पायात अडकली, पाय वाचला, आणि तेव्हापासून तुला रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या सुरू झाल्या. त्याच जातीचं औषध उंदीर मारायला वापरतात, हे मी एकदा तोंडून घालवलं. झालं. त्या दिवसापासून रोज संध्याकाळी तुझं सुरू, "चला, उंदराच्या औषधाची वेळ झाली." भाऊजी चिडायचे. तू आणखी एकदा म्हणायचीस.

गोळी जास्त झाली तर रक्त थांबत नाही आणि कमी झाली तर गुठळी होते. मधल्या त्या अरुंद वाटेवरून तुला चालवायचं काम माझं. ते मी मागून घेतलं होतं. हृदयाचे डॉक्टर म्हणाले होते, कुठेही तपासा, तर मी छाती पुढे काढून म्हणालो, माझ्या ताईचं रक्त दुसरं कोणी काढणार नाही. ते आठवलं की आता अंगावर काटा येतो.

दर दुसऱ्या रविवारी मी यायचो. तुझ्या शिरा दोऱ्यासारख्या. सुई आत जायची आणि शीर बाजूला सरकायची. मी म्हणायचो, तुझा हातच वाईट आहे. तू म्हणायचीस, "नाचता येईना अंगण वाकडं." कितीदा एका हाताचं काम दुसऱ्या हातावर गेलं असेल. एकदा तर तिसऱ्यांदा टोचावं लागलं होतं, आणि तू खिडकीबाहेर बघत माझ्यासाठी कुठली मुलगी पाहायची याची यादी म्हणून दाखवत होतीस.

एकदा तू हट्ट धरून प्रयोगशाळेत आलीस, आठवतं? तुझं रक्त कुठे जातं ते तुला बघायचं होतं. मी तुला सगळं दाखवलं. नळीच्या तळाशी आधीच मोजून घातलेलं सायट्रेट असतं. ते रक्तातला चुना, म्हणजे कॅल्शियम, धरून ठेवतं, म्हणून रक्त नळीत गोठत नाही. नऊ भाग रक्ताला एक भाग सायट्रेट, ठरलेलं. म्हणून नळीवर कानशीने एक रेघ ओढलेली असते, रक्त बरोबर त्या रेघेपर्यंत यायला हवं. मग ते यंत्रात फिरवायचं, वरचं पिवळं पाणी काढायचं, अंगाइतक्या कोमट पाण्यात ठेवायचं, त्यात सशाच्या मेंदूपासून केलेली पूड आणि मोजका चुना परत घालायचा, आणि घड्याळ दाबून नळी तिरकी करत राहायचं, पहिली तार दिसेपर्यंत. तू दिव्याखाली वाकून बघत होतीस. तार दिसल्याबरोबर ओरडलीस, "अरे, हा तर एकतारी पाक!" माझे डॉक्टरसाहेब बंगाली, त्यांना मला पाक म्हणजे काय ते समजावून सांगावं लागलं. ते इतके खूश झाले की त्यांनी तुला मेणाचा हात दिलेली नळी काढून दाखवली. साध्या काचेला लागलं की रक्त लवकर गोठतं, मेणाला लागलं की उशिरा. तू म्हणालीस, "म्हणजे भांडं बघून वागतं म्हणा की, विरजणासारखं."

तुझ्या नळीशेजारी नेहमी माझी नळी असायची. धडधाकट माणसाचं रक्त तुलनेला लागतं, ते मी स्वतःचं घ्यायचो. माझी तार चौदा सेकंदांत यायची. तुझी अठ्ठावीसच्या आसपास आली की मी सुटकेचा श्वास सोडायचो. चार वर्षं आपण दोघं त्या कोमट पाण्यात शेजारी शेजारी उभे होतो.

त्या गोळ्यांनी केलेली एक गंमतही मला सोडत नाही. विळीवर तुझं बोट कापलं होतं आणि रक्त थांबेना. भाऊजी दाढीची तुरटी घेऊन धावले. माशीमा खालून झेंडूची पानं ठेचून घेऊन आल्या. मी कापूस दाबून घड्याळात बघत बसलो. तिघांची जुंपली. तुरटीने आग होते, पाल्याने जंतू जातात, नुसतं दाबून काय होणार. पाव तासाने रक्त थांबलं तेव्हा तिघांनीही ते आपल्यामुळे थांबलं म्हणून सांगितलं, आणि तू म्हणालीस, "मला वाटलं, तुम्हा तिघांना घाबरून थांबलं." त्या संध्याकाळी माशीमांनी तुला स्वयंपाक करू दिला नाही. वर वाढून आणलं.

त्यांच्या हातचं तुला चालायचं, कारण त्या विधवा, त्यांच्या चुलीवर मासा नाही की कांदा नाही. आणि तुला पालेभाज्यांचं वेड. आपला अळू, त्यांचा कोचू, लाल माठ, पुंई म्हणजे आपला मायाळू. इथेच तर आपली चार वर्षं चाललेली लढाई. पालेभाजीत असं काही असतं की ते या गोळ्यांच्या उलट काम करतं, रक्त घट्ट करतं. मी म्हणायचो, एकदम जास्त खाऊ नकोस. तू म्हणायचीस, "गाईम्हशी खातात त्या काय मरतात?" मी चिडायचो. तू म्हणायचीस, "अति शहाणा त्याचा बैल रिकामा." शेवटी तह झाला, रोज एक वाटी, कमी नाही, जास्त नाही. तू तो बहुतेक पाळायचीस. निदान मोडलास तर मला सांगायचीस. तू काही लपवलं नाहीस, ताई. लपवलं ते मी.

यंदा नरकचतुर्दशीला तू पहाटेचं अभ्यंगस्नान उरकून, फराळाचं ताट घेऊन खाली गेलीस. त्यांच्याकडे त्याच दिवशी चौदा पालेभाज्या एकत्र शिजवतात. माशीमांनी तुझ्यासमोर मोठा वाडगा ठेवला. "आज चोद्दो शाक ना खेले भूते धोरबे, कुशुम!" भूत धरेल म्हणे. तू खाल्लंस. संध्याकाळी उरलेलं वर आलं, तेही खाल्लंस. भाऊबीजेला मी आल्या आल्या तू कबुली दिलीस. "तह मोडला. चौदा म्हणजे चौदाच्या चौदा. आता रक्त काढशील तेव्हा कळेलच म्हणून आधीच सांगते."

तपासणीचा दिवस त्या वेळी भाऊबीजेलाच आला होता. आधी ओवाळलंस. नवी फिकट निळी साडी होती तुझ्या अंगावर. मी आणलेली शबनम पिशवी लगेच खांद्याला लावून घरभर फिरलीस. मग माझ्यासमोर बसून हात उशीवर ठेवलास. मी सुई घातली. रक्त आलं, आणि सिरिंज अर्धी होते न होते तोच बंद झालं. शीर बसली.

आता इथे मी कितीतरी वेळ थांबलो होतो. वही मिटली होती. भाऊजींना चहा करून दिला, त्यांनी तो घेतला नाही.

असं याआधी झालं की मी न बोलता दुसरा हात घ्यायचो. त्या दिवशी मी तुझ्याकडे बघितलं. तू माझ्या कपाळावर लावलेलं कुंकू अजून ओलं होतं, निरांजन पाटापाशी तेवत होतं. माझ्या मनात आलं, ज्या बहिणीने आत्ता ओवाळलं तिला आजच्या दिवशी दोनदा टोचायचं? मी सुई काढली. आहे तेवढंच रक्त नळीत सोडलं आणि हलवलं. रेघेच्या पुष्कळ खाली राहिलं होतं. तू विचारलंस, "झालं?" मी म्हणालो, "झालं." "एवढ्यात? आज सुटले बाई!" म्हणून तू हसत उठलीस आणि माझं पान वाढायला गेलीस. मी बासुंदीच्या दोन वाट्या प्यायलो.

ताई, रेघेखालची नळी फेकून द्यायची, हा आमच्याकडचा पहिला नियम. रक्त अर्धं आणि सायट्रेट पुरं, म्हणजे ते जादा सायट्रेट नंतर आम्ही घातलेला चुनाही गिळून टाकतं. रक्त असतं त्यापेक्षा पातळ दिसतं. हे मला माहीत नव्हतं असं नाही. मी नव्या लोकांना शिकवतो हे. परक्या माणसांच्या किती अर्ध्या नळ्या मी मोरीत ओतल्या आहेत. एका म्हाताऱ्या गृहस्थांना तर बराकपूरहून परत बोलावून घेतलं होतं, ते कुरकुरले तेव्हा मी त्यांना वर चार शब्द सुनावले होते. परक्यांचं रक्त मी चोख तपासलं. तुझं तेवढं नाही.

ट्राममध्ये बसलो तेव्हा नळी खिशात होती. प्रयोगशाळेत माझ्याशिवाय कोणी नव्हतं, सुट्टीच होती. माझी तार चौदाला आली. तुझी येईना. वीस, पंचवीस, तीस. छत्तिसाव्या सेकंदाला आली. मी घाबरलो, पण उलट्या बाजूने घाबरलो. डोळ्यांसमोर तुझं विळीवरचं बोट आलं. आता पोटात कुठे रक्त वाहायला लागलं तर? लगेच हृदयाच्या डॉक्टरांना फोन केला. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "नमुना ठीक होता ना?" मी म्हणालो, "हो सर." ते म्हणाले, दोन दिवस गोळी बंद, मग अर्धी, पंधरा दिवसांनी परत तपासा.

मग माशीमांच्या फोनवर तुला बोलावून घेतलं. तू सगळं ऐकून घेतलंस आणि म्हणालीस, "अरे पण विनू, मी चौदा शाकं खाल्ली होती. तू तर म्हणतोस त्याने रक्त घट्ट होतं. मग पातळ कसं झालं?"

शाळेनंतर विज्ञानाचं एक पुस्तक न शिकलेली तू. बरोबर तोच प्रश्न विचारलास. नळी बघून, रेघ बघून, घड्याळ बघून मला जो सुचला नाही तो तुला स्वयंपाकघरातून येऊन सुचला. आणि मी काय म्हणालो? "ताई, तू चुलीकडे बघ, रक्ताचं मी बघतो." तू हसलीस. "बरं बाबा, शहाण्या," म्हणालीस. तो वाद तिथेच तुटला. मला तो आता रोज पुढे न्यायचा असतो. रोज मी त्या फोनवर असतो आणि रोज म्हणतो, थांब ताई, तू म्हणतेस ते खरं आहे, मी येतो, दुसरा हात तयार ठेव. प्रयोगशाळेतून तुझ्याकडे पोचायला एक तास लागतो. एक तास, ताई.

नवव्या दिवशी सकाळी तू कपबशी उचलायला गेलीस आणि ती तुझ्या उजव्या हातातून पडली. मग उजवा पाय गेला. मग वाचा. गुठळी या वेळी मेंदूत गेली होती. मी इस्पितळात पोचलो तेव्हा तू डोळे उघडे ठेवून पडली होतीस. मला बघून डावा हात हलवलास. काय म्हणायचं होतं तुला? मी दोन दिवस तुझ्या तोंडाकडे बघत होतो. तिथल्या कुणीतरी तुझं रक्त घेतलं, पहिल्याच खेपेत, आणि तार सोळा सेकंदांत आली. माझ्या रक्ताच्या जवळ जवळ तितकीच. चार वर्षं जे टाळायला तुला गोळ्या दिल्या ते धडधाकट माणसासारखं रक्त, आणि त्यानेच तुला नेलं.

बाहेरच्या बाकावर भाऊजींनी डॉक्टरांना विचारलं, रक्त एवढं घट्ट झालं कशाने? डॉक्टर म्हणाले, पालेभाजी वगैरे फार खाण्यात आली होती का? भाऊजींनी माझ्याकडे बघितलं. तेव्हा मला नळीचं अजून लक्षातही आलं नव्हतं, शपथेवर सांगतो, पण काहीतरी आत टोचत होतं. मी नजर खाली घातली. भाऊजींना तेवढं पुरलं. तुला घरातून नेलं त्या दुपारी माशीमा जिन्यात रडत उभ्या होत्या, तर हा कधी आवाज न चढवणारा माणूस त्यांच्यावर ओरडला, की तुमच्या शाकाने माझी बायको खाल्ली. माशीमा माझ्याकडे वळल्या. "आमि ओके मेरे फेललाम?" मी मारलं का तिला, असं मला विचारत होत्या, कारण रक्तातलं मला कळतं. मी त्यांच्या बाजूने वाट काढून खाली उतरलो.

कामावर परत गेलो त्या दिवशी मांडणीत धुतलेल्या नळ्या पालथ्या घातलेल्या होत्या. सगळ्यांवर रेघा. मी त्या रेघांकडे बघत राहिलो, आणि भाऊबीजेची ती नळी डोळ्यांपुढे आली. मी स्वतःच्या हातात सुई खुपसली. एक नळी रेघेपर्यंत भरली, एक अर्धी. भरलेलीची तार चौदाला आली, अर्धीची विसाला. माणूस तोच, रक्त तेच. मग उजवा हात घेतला आणि परत केलं. परत तेच. डॉक्टरसाहेबांनी येऊन माझ्या हातातून सुई काढून घेतली तेव्हा माझे दोन्ही हात काळेनिळे झाले होते. त्यांनी विचारलं, काय शोधतोयस? मी त्यांनाही सांगितलं नाही.

त्या चौदा शाकांनी तुझं रक्त चार-सहा दिवस घट्ट केलं असेल, नाही असं नाही. पण ते पकडायलाच तर ही तपासणी असते. गोळी थोडी वाढवली असती तर भागलं असतं. मी ती कमी करायला लावली. माशीमांनी तुला जेवू घातलं, एवढंच. मारलं मी, ताई. लिहून बघितलं. अक्षर कापलंसुद्धा नाही. मला वाटलं होतं लिहिलं की छातीवरचं ओझं हलेल, पण तसं काही झालेलं नाही. ट्रामच्या खाली उडी टाकावी असं चारदा मनात आलं, आणि चारही वेळा वाटलं, मग माशीमांना कोण सांगणार. तेवढ्यावर मी इतके दिवस काढले आणि तेवढंही केलं नाही.

इथवर परवा लिहिलं होतं. आज तुझा तेरावा झाला.

गुरुजी गेल्यावर मी खाली गेलो आणि माशीमांचं दार वाजवलं. "माशीमा, एकबार ओपोरे आशून." एकदा वर या म्हणालो. त्या नको नको म्हणत होत्या. मी त्यांना हात धरून वर आणलं. भाऊजी ताठ झाले. मी दोघांना समोर बसवलं आणि सांगितलं. भाऊजींना मराठीत, माशीमांना बंगालीत. एकच गोष्ट मला दोनदा सांगावी लागली, आणि दुसऱ्या खेपेला ती सोपी झाली नाही. रेघ, सायट्रेट, अर्धी नळी, छत्तीस सेकंद, डॉक्टरांना दिलेलं 'हो सर'. तुझा फोनवरचा प्रश्नही सांगितला आणि माझं उत्तरही.

माशीमांनी विचारलं, "ता होले शाक ना?" म्हणजे मग भाजीने नाही?

"ना, माशीमा. आमि."

मला वाटलं होतं त्या सुटल्यासारख्या रडतील, किंवा मला शिव्या देतील. त्या पदराने तोंड पुसत उठल्या. "एतोदिन बोलोनि केनो, बाबा?" एवढे दिवस का नाही बोललास, एवढंच. मग तुझ्या स्वयंपाकघराच्या दारात जाऊन जरा वेळ उभ्या राहिल्या आणि खाली गेल्या. भाऊजींनी त्यांची माफी मागायला उठायचा प्रयत्न केला, पण त्यांच्याने उठवलं नाही.

आम्ही दोघंच राहिलो. मी वाट बघत होतो. मारलं असतं तर बरं झालं असतं. भाऊजी म्हणाले, "दुसरा हात होता की रे, विनू."

"हो."

"तू मागितला असतास तर तिने पुढे केला असता."

एवढं बोलून ते आत जाऊन पडले. त्यांना वाटतं, तुला दुखू नये म्हणून मी थांबलो आणि चुकलो. मी त्यांना तसं वाटू दिलं. तुला तरी खरं सांगतो. तुला सुईचं काही वाटत नसे, तू यादी म्हणत बसायचीस. बघवत नव्हतं ते मला. त्या दिवशी बासुंदी, नवी साडी, कुंकू, आणि मला कसाई व्हायचं नव्हतं. मी जे दुखणं वाचवलं ते माझं होतं.

तू हात पुढे केला असतास, ताई. मला ते तेव्हाही माहीत होतं.